फोन किती तास, याआधी फोन कोणत्या वेळी

डोंबिवलीच्या एका ताईंनी घरची परिस्थिती लिहून सल्ला विचारला आहे. त्यांचे पती मुंबईत एका खासगी कंपनीत नोकरीला आहेत. ते रात्री साडेआठला घरी पोहोचतात आणि तेव्हापासून झोपेपर्यंत फोनमध्येच असतात, निम्मा वेळ ऑफिसच्या ग्रुपवर आणि निम्मा रील पाहण्यात. मुलगा आठवीत असून शाळा आणि क्लास संपला की घरातला जुना फोन घेऊन गेम खेळत बसतो. रात्री त्याच्या पांघरुणातही फोन सापडला आहे. चार वर्षांची मुलगी समोर कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाही. सासूबाई दुपारभर मोठ्या आवाजात यूट्यूब लावतात. ताई स्वतः घरून साड्या विकतात, त्यामुळे त्यांच्याही हातातला फोन सुटत नाही, आणि मुलाशी वाद झाला की तो पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवतो. नियमांचा तक्ता करून फ्रिजवर लावला, तो आठवडाभर टिकला. एकदा वायफाय बंद केले तेव्हा घरात अबोला झाला. माणसाने दिवसाला किती तास फोन वापरणे योग्य आणि मुलाला दहावीत स्वतःचा फोन द्यावा का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, तासांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर फक्त लहान मुलांपुरते देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अकॅडमीच्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला, तर पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. तुमच्या मुलीला हे थेट लागू पडते. घरातल्या बाकी चौघांसाठी मात्र असा आकडा काढून काही हाती लागत नाही. तुम्ही दिवसातून तीन तास फोनवर असाल, तर त्यातला बराचसा वेळ साड्यांचे फोटो पाठवण्यात, किंमत सांगण्यात आणि कुरिअरची पावती शोधण्यात जात असेल; तो तुमचा धंदा आहे. तुमच्या यजमानांनी लोकलमध्ये तासभर रील पाहिली, तर घराचे काही बिघडत नाही. त्या गर्दीत दुसरे करण्यासारखे फारसे काही नसतेही. तेच यजमान उंबरठा ओलांडल्यावर पंधरा मिनिटे मान वर करत नसतील, तर त्या पंधरा मिनिटांत पुढची सगळी संध्याकाळ बिघडते. म्हणून समुपदेशनाला आलेल्या कुटुंबांना मी तास विचारत नाही, वेळा विचारते.

माझ्या अनुभवात फोनवरून होणारी बहुतेक भांडणे चार वेळांभोवती घडतात: सकाळी उठल्यावरचा पहिला अर्धा तास, बाहेरून घरी परतण्याची वेळ, रात्रीचे जेवण आणि झोपण्यापूर्वीचा तास. घरातल्या माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवे असते ते नेमके याच वेळी. शाळेत काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पाण्याचा काय घोळ घातला, या गोष्टी कोणी ठरवून बोलत नाही. चप्पल काढताना, ताटे घेताना, अंथरूण घालताना त्या निघतात, आणि समोरचा फोनमध्ये असेल तर निघता निघता राहून जातात. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग या संदर्भात मी पालकांना नेहमी सांगते. आईने बाळाशी थोडा वेळ नेहमीसारखे खेळायचे आणि मग काही मिनिटे त्याच्यासमोरच, पण चेहरा निर्विकार ठेवून बसायचे. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. कशालाच दाद मिळाली नाही, की तोंड फिरवते आणि रडू लागते. त्या काळी खिशात फोन नव्हते, परंतु फोनकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो: माणूस समोर आहे आणि उत्तर देत नाही. मोठी माणसे अशा वेळी रडत नाहीत, ती स्वतःचा फोन काढतात. तुमच्या घरात आज पाच जणांचे जे चालले आहे, त्याची सुरुवात बहुधा अशीच झाली असावी.

तक्ता का टिकला नाही, याचेही उत्तर यातच आहे. एका दिवसात सगळ्यांच्या सगळ्या सवयींना हात घातला, की नियम पाळण्यापेक्षा दुसऱ्याने कुठे मोडला हे शोधण्याकडेच घराचे लक्ष लागते. वायफाय बंद करण्यात तर शिक्षा सर्वांना आणि निर्णय एकाचा असे होते. मी सुचवेन ते असे, की चारपैकी फक्त एकच वेळ आधी धरावी, आणि ती रात्रीच्या जेवणाची असावी. त्या वेळी पाचही जण घरात असतात, अर्ध्या-पाऊण तासाचा मामला असतो, आणि तुमच्या मुलीचा प्रश्नही तिथेच सुटायचा आहे. हॉलमध्ये, जेवणाच्या जागेपासून दूर, दाराजवळ एक एक्स्टेंशन बोर्ड लावा आणि जेवणाआधी घरातला प्रत्येक फोन, तुमचा धरून, तिथे चार्जिंगला जाईल एवढेच ठरवा. फोन उलटा करून ताटाशेजारी ठेवणे म्हणजे फोन बाजूला ठेवणे नाही. तो थरथरला की पाचही माना तिकडे वळतात.

हे गावपातळीवर करून पाहणारे एक गाव आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पडला. साडेआठला दुसरा भोंगा वाजतो आणि बंदी उठते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू चांगला आहे, तरीही माझा कौल वडगावच्या बाजूने आहे, कारण तिथला भोंगा मोठ्यांनाही लागू आहे, तो ठरलेल्या वेळी वाजतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. शिवाय तो आई वाजवत नाही. घराघरांतून फोन ठेवण्याची आठवण करून देण्याचे काम बायकांच्या गळ्यात पडते आणि मग "आई सारखी ओरडते" हेच मुलांच्या लक्षात राहते. तुमच्याकडे नऊ वाजताचा गजर लावून ठेवा आणि तो बंद करण्याचे काम मुलाकडे द्या. वडिलांना "बाबा, फोन" असे म्हणण्याचा अधिकार मिळाला, की आठवीतला मुलगा नियमाचा कट्टर समर्थक होतो.

आता मुलीचे जेवण. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक तरुण आईकडून येतो. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला आपण काय खातो, पोट भरले की नाही, याची जाणीव राहत नाही. तोंड उघडायचे आणि गिळायचे, एवढेच चालते. पुष्कळदा घास गालात तसाच धरून ठेवलेला असतो. ही सवय हळूहळू कमी करण्यापेक्षा एका जेवणापुरती पूर्ण बंद करणे सोपे जाते, कारण चार वर्षांच्या मुलाला "आज पाच मिनिटे कमी" हे कळत नाही, "रात्री जेवताना फोन बोर्डावर असतो" हे कळते. मुलगी साडेसातला जेवत असेल तर तिला नऊपर्यंत ताटकळत ठेवू नका. तेव्हाच वाढा, पण घरातले कोणीतरी स्वतःचे ताट घेऊन तिच्यासोबत बसू द्या. सासूबाई लवकर जेवत असतील तर याहून चांगली सोबत नाही. फोन बोर्डावर ठेवण्याचा नियम या जेवणालाही लागू. नंतर तुम्ही सगळे बसाल तेव्हा तिलाही एका वाटीत चमचाभर दहीभात देऊन पंगतीत घ्या.

ताटात थोडेच वाढा: वरणभाताची छोटी मूद, पोळीचे चार तुकडे, काकडीच्या दोन चकत्या. हात माखू द्या, सांडू द्या. पाचनंतर दूध-बिस्किटे देणे बंद करा, नाहीतर जेवणाच्या वेळी भूकच नसते आणि दोष फोन नसण्याला जातो. अर्ध्या तासाने, न रागावता आणि न विनवता, ताट उचलून घ्या. पहिले दोन-तीन दिवस ती मोजके घास खाईल, रडेल, कदाचित ताट ढकलेलही. सासूबाईंना ते पाहवणार नाही. "पोर उपाशी झोपली" या एका वाक्यापुढे आजवर कितीतरी निश्चय कोसळले आहेत. म्हणून सुरुवात करण्याआधी मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन वजन आणि उंची तपासून घ्या, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाच सोबत न्या. वजन वयाप्रमाणे ठीक आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, की तुम्हाला घरात वेगळी बाजू मांडावी लागत नाही. वजन खरोखरच कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जा. दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. फोनऐवजी टीव्ही लावू नका, आणि "सगळे संपवलेस तर मोबाइल देईन" असे म्हणू नका. त्याने जेवण ही शिक्षा आणि फोन हे बक्षीस होऊन बसते.

यजमानांचा भाग नाजूक आहे. ते दारात आल्या आल्या हा विषय काढू नका. रविवारी सकाळी चहाच्या वेळी काढा. "तुम्ही सतत फोनमध्ये असता" या वाक्याला कोणताही नवरा "मी काय मजा करतो का, ऑफिसचे काम असते" असेच उत्तर देईल, आणि ते अर्धे खरेही असेल. त्याऐवजी एकच, करता येण्याजोगी गोष्ट मागा: घरी आल्यावर चहा होईपर्यंत फोन बोर्डावर. ऑफिसचा शेवटचा मेसेज स्टेशनवरच, किंवा फार तर जिना चढण्याआधी, पाहून टाकावा. रात्री साडेआठ ते दहा या वेळेत मेसेज पाहणार नाही, तातडीचे असेल तर फोन करावा, असे त्यांनी आपल्या चमूला एकदा स्पष्ट सांगितले, तर खूपशी तातडी आपोआप ओसरते, कारण मेसेज टाकायला काही लागत नाही, रात्री साहेबाला फोन लावायला मात्र कारण लागते. फोनमधल्या "डू नॉट डिस्टर्ब"च्या सोयीत ठरावीक नंबरांचे कॉल येऊ देता येतात आणि एकाच नंबरावरून लगोलग दुसऱ्यांदा आलेला कॉलही वाजू देता येतो. म्हणजे गावाकडून कोणाचा अडीनडीचा फोन चुकण्याची भीती उरत नाही.

रीलविषयी त्यांना दोष देताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. म्हणजे मधल्या सुट्टीसारखा आपोआप येणारा रिकामा वेळ अवघ्या चार वर्षांत भरून गेला. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग अर्ध्या तासात संपतो. रील संपत नाही. पान संपूच न देण्याची ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने काढली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यानेच जाहीर खेद व्यक्त केला. त्यातून दहापैकी एखादेच रील खरे आवडते, आणि ते कितवे असेल हे कळत नाही, म्हणूनच अंगठा थांबत नाही. अशा गोष्टीशी दिवसभर थकलेल्या माणसाने केवळ मनोनिग्रहाने झुंजावे ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. फोन दुसऱ्या खोलीत असणे हाच उपाय चालतो.

तरीही इथे एक सावधगिरीची सूचना करते. काही घरांत नवरा फोनमध्ये असतो कारण त्याला दिवसभरानंतर अर्धा तास कोणी काही विचारू नये असे वाटते, आणि हे तोंडाने मागण्याची त्याला सवय नसते. जेवणानंतर असा अर्धा तास त्याला उघडपणे द्या, आणि तितकाच स्वतःसाठीही घ्या. तुमच्या वाट्याला तो बहुधा आजवर आलेलाच नाही. इतर काही घरांत फोन हे निमित्त असते आणि खरा दुरावा पैशांवरून, सासरच्या एखाद्या प्रसंगावरून किंवा वर्षानुवर्षे न बोललेल्या गोष्टीवरून असतो. फोन बोर्डावर गेल्यानंतरही दोघांत बोलण्यासारखे काही निघत नसेल, तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे. नवऱ्याचा फोन चोरून तपासण्याने मात्र कोणाचेही भले झालेले मी पाहिलेले नाही.

आता तुमच्या स्वतःच्या फोनकडे येते. मुलगा तुमच्याकडे बोट दाखवतो त्यात उद्धटपणा आहे, पण खोटेपणा नाही. मुलांना आपल्या हातातल्या फोनची फक्त पाठ दिसते. तुम्ही लाइट बिल भरता आहात, गिऱ्हाइकाला पदराचा फोटो पाठवता आहात की रील पाहता आहात, हे पाठीकडून सारखेच दिसते. म्हणून मुलांसमोर फोन उचलताना कारण मोठ्याने सांगण्याची सवय लावून घ्या: "बिल भरते, दोन मिनिटे." हे ऐकायला बालिश वाटेल, परंतु याचे दोन परिणाम होतात. मुलांना फोन हे कामाचेही साधन आहे हे दिसू लागते, आणि सांगण्यासारखे कारण नसेल तेव्हा आपला आपल्यालाच पेच पडतो.

धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरत नसाल तर सुरू करा. त्यात कामाच्या वेळा दाखवता येतात, साड्यांचा कॅटलॉग ठेवता येतो आणि वेळेबाहेर आलेल्या मेसेजला ठरलेले उत्तर आपोआप जाते. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा अशी वेळ लावा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मी समजू शकते, पण साडी घेणाऱ्या बाईला रात्री दहाला उत्तर मिळाले काय आणि सकाळी मिळाले काय, एरवी फारसा फरक पडत नाही. दिवाळीआधीचे पंधरवडे आणि लग्नसराई यांना अर्थातच अपवाद करावा आणि तसे घरात आधी सांगावे. शाळेचे आणि सोसायटीचे ग्रुप कायमचे म्यूट करून दिवसातून दोनदा उघडा. गृहपाठ व्हॉट्सॲपवरच येतो ही शाळांची तऱ्हा आपल्या हातात नाही, पण ज्या ग्रुपवर एका सूचनेखाली साठ जण "ओके मॅडम" लिहितात, तो दर वेळी उघडून पाहायलाच हवा असे नाही.

मुलाच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत, गेम आणि झोप, आणि त्यांतला झोपेचा अधिक तातडीचा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पांघरुणात फोन सापडला याचा अर्थ ती मोडते आहे, आणि सकाळची चिडचिड, वर्गातला पेंग आणि अभ्यासात लक्ष नसणे यांचा उगम बऱ्याचदा तिथेच असतो. जेवणाचा नियम घरात रुळला, की दुसरी वेळ म्हणून झोपेची घ्या: रात्री दहानंतर सगळे फोन बोर्डावरच राहतील, झोपण्याच्या खोलीत एकही जाणार नाही. "मला गजर लावायचा असतो" ही सबब सगळ्याच घरांत निघते. त्यासाठी गजराचे एक साधे घड्याळ आणून द्या. तुमचे आणि यजमानांचे फोनही तिथेच राहिले, तर हा नियम चालेल. तुमचे उशाशी आणि त्याचा हॉलमध्ये असे असेल, तर चालणार नाही.

गेमसाठी मिनिटांऐवजी सामने मोजा. मुले खेळतात ते गेम बहुधा इतर खेळाडूंसोबत चाललेले असतात आणि मध्येच थांबवता येत नाहीत. एक सामना पुष्कळदा वीस-तीस मिनिटे चालतो. "अर्धा तास झाला, आत्ताच बंद कर" असे म्हटले की त्याच्या दृष्टीने तो चार मित्रांना तोंडघशी पाडून उठतो, आणि मग जो स्फोट होतो तो फोनच्या व्यसनाचे लक्षण म्हणून मोजला जातो. शाळेच्या दिवशी एक सामना, सुट्टीच्या दिवशी दोन, आणि सामना सुरू करण्याआधी घड्याळ पाहणे ही त्याची जबाबदारी, असे ठरवा. त्याचबरोबर गेम सोडून त्याने जायचे कुठे, याचे उत्तर तुमच्याकडे हवे. सोसायटीच्या आवारात क्रिकेटला बंदी, पार्किंगमध्ये गाड्या, आणि मैदान वीस मिनिटांवर, अशा ठिकाणी मित्र फोनमध्येच भेटणार. सोसायटीच्या सभेत मुलांना संध्याकाळचा एक तास खेळू देण्याचा विषय मांडला, तर कदाचित घरातल्या दहा नियमांहून त्याचा उपयोग अधिक होईल.

"व्यसन" हा शब्द मात्र जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आता नोंदलेला आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे वाढत जाणे, असे चित्र साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. तुम्ही लिहिल्यावरून तुमचा मुलगा शाळेत जातो, क्लासला जातो. तो या वर्णनात बसत नाही. त्याने शाळा टाळायला सुरुवात केली, दिवसा झोप आणि रात्री जागरण असे उलटे चक्र पडले, घरातले पैसे किंवा यूपीआय न विचारता वापरले, मित्रांकडे जाणे तोडले, किंवा फोन काढून घेतल्यावर स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्यापर्यंत मजल गेली, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत खास याच विषयाचे "शट" नावाचे चिकित्सालय २०१४ पासून चालू आहे.

सासूबाईंविषयी थोडक्यात. त्यांचा फोन हा त्यांचा कट्टा आहे: कीर्तन, पाककृती, गावाकडच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. घरातले चौघे आपापल्या कामात असताना दुपारी त्यांच्याशी बोलणारे तेवढेच असते, त्यामुळे तो कमी करण्याच्या मागे लागू नका. आवाज मोठा ठेवतात याचे कारण मात्र शोधा. त्या वयात ऐकू कमी येणे सुरू झालेले असते आणि घरच्यांना ते पहिल्यांदा यूट्यूबच्या आवाजावरूनच कळते. कानाची एकदा तपासणी करून घ्यावी. फॉरवर्ड आलेल्या काढ्यासाठी त्यांनी बीपीची किंवा साखरेची गोळी बंद केलेली नाही ना, हेही सहज विचारून ठेवा. आणि पोलीस किंवा सीबीआय असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणाऱ्यांबद्दल त्यांना आधीच सावध करा: अशी अटक कायद्यात नाही, फोन कापायचा आणि घरच्यांना सांगायचे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

अपवाद मोकळ्या मनाने ठेवा. गणपतीत पाहुणे असताना, भारताचा सामना असताना किंवा परगावी असलेल्या आत्याचा व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळीच आला असताना नियम ताणू नका. कॉल सगळ्यांनी मिळून घ्यावा, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. सामना हॉलच्या टीव्हीवर एकत्र पाहावा. एका पडद्यासमोर पाच जण बसले की निदान एकमेकांशी वाद तरी होतो, पाच पडद्यांसमोर तोही होत नाही.

राहिला दहावीचा प्रश्न. दहावीच्या वर्षात नवा फोन देऊ नका, मग कितीही गुण मिळवण्याच्या बोलीवर तो मागितला जात असो. नव्या वस्तूची नवलाई आणि बोर्डाचा अभ्यास एकाच वर्षात येऊ नयेत. माझ्या मते योग्य वेळ दहावीची परीक्षा झाल्यानंतरची आहे, कारण त्यानंतर तो ज्युनियर कॉलेजला लोकलने जाऊ लागेल आणि फोनची खरी गरज तेव्हा सुरू होईल. तोपर्यंत क्लासला उशीर झाला तर कळवण्यापुरता बटणांचा फोन पुरेसा आहे, आणि जो जुना फोन तो आज वापरतो तो "त्याचा" नसून घराचा आहे, हे आताच स्पष्ट करावे.

इन्स्टाग्रामवर खाते काढण्याचे किमान वय तेरा आहे, त्यामुळे तो विषय दहावीआधीच निघेल. अल्पवयीन मुलांसाठी तिथे "टीन अकाउंट" असते. ते मुळातच खासगी असते आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला त्यातली बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. खरे वय घालूनच खाते काढू द्या; वय वाढवून काढलेल्या खात्याला हे संरक्षण बहुधा मिळत नाही. सिम कार्ड तुमच्यापैकी कोणाच्या तरी नावावर असेल, फोनचा पासवर्ड दोघांपैकी एका पालकाला ठाऊक असेल, हे त्याला आधी सांगून करा. चोरून मेसेज वाचण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. यूपीआय सुरुवातीला जोडू नका. आणि फोन हातात देताना, यजमान समोर असतील तेव्हा, एक हमी दोघांनीही द्या: कोणी धमकावले, घाणेरडा फोटो मागितला किंवा पाठवला, पैशांत फसवले, आणि त्याने ते येऊन सांगितले, तर फोन काढून घेतला जाणार नाही. ही हमी न मिळालेली मुले बहुतेक वेळा फोन जाईल या भीतीपोटी गप्प राहतात, आणि घरच्यांना गोष्ट कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.